उठून गेली की तरातरा निघून गेली?

नमस्कार,

आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गेलं वर्षभर आई आजारी आहे आणि ती माझ्याकडेच असते. दोन महिन्यांपूर्वी घरातले सगळे एकत्र जमलो होतो. मी आईच्या औषधांबद्दल, रात्रीच्या जागरणांबद्दल बोलत होते. माझं बोलणं चालू असतानाच ताई उठून गेली. जाताना तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की ते मी जन्मात विसरणार नाही. सरळसरळ तिरस्कार होता तो.

त्यावरून आमचं बोलणं बंद झालं. ताई म्हणते, मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला रडू आलं म्हणून आत गेले. आणि वर म्हणते, तूच सगळ्यांसमोर माझ्यावर बोट रोखून बोलत होतीस. मी असं काहीही केलेलं नाही.

माझ्या मुलाने त्या वेळी सहज फोनवर व्हिडिओ घेतला होता. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचाच, पण नेमका तोच प्रसंग त्यात आलाय. म्हटलं, चला, आता सोक्षमोक्ष लागेल. मी तो ताईला पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘बघितलंस ना, कशी बोलत होतीस ते?’ मी थक्कच झाले. ती तरातरा निघून जाते ते त्यात स्वच्छ दिसतंय, आणि हिला त्यात माझं बोट दिसतं!

नवऱ्याला दाखवला तर तो म्हणाला, ‘मला काही विशेष दिसत नाही. ती उठली, आत गेली. तू जरा तटस्थपणे बघ.’ मी तटस्थपणेच किमान पन्नास वेळा पाहिलाय. दरवेळी तेच दिसतं, उलट जास्तच ठसठशीत दिसतं. लहानपणापासून ती मला कमीच लेखत आली आहे, त्यामुळे तिची नजर मला बरोबर कळते. तोंडावर दार आपटून गेली ती, आणि वर म्हणे रडू आलं!

माझा प्रश्न एवढाच आहे. दोन माणसांना एकाच व्हिडिओत दोन वेगळ्या गोष्टी कशा दिसतील? ती खोटं बोलतेय की मला वेड लागलंय?

— धाकटी

प्रिय धाकटी,

आधी प्रश्नाचं उत्तर देते, मग बाकीचं. तुम्हाला वेड लागलेलं नाही. ताई खोटं बोलतेय असं मानायलाही तुमच्या पत्रात मला काही सापडलं नाही. आणि एक विनंती. हे उत्तर वाचून होईपर्यंत तो व्हिडिओ पुन्हा लावू नका. पुसून टाका असं म्हणत नाही, फक्त लावू नका. का, ते पुढे येईलच.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली आणि तीन ठिकाणी खुणा केल्या. पहिल्या परिच्छेदात ताई ‘उठून गेली’. मध्यावर ती ‘तरातरा निघून जाते’. शेवटाकडे ती ‘तोंडावर दार आपटून’ गेली. बाई तीच, प्रसंग तोच, पत्रही एकाच बैठकीत लिहिलेलं असावं, आणि ताईचं जाणं मात्र दर परिच्छेदाला चढत गेलं. तुम्ही हे मुद्दाम केलं नाहीत हे मला ठाऊक आहे. मुद्दाम करणारा माणूस पहिलंच क्रियापद जोरदार लिहितो.

या क्रियापदांची गंमत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोघांनी १९७४ मध्ये फार नेटकेपणाने दाखवली. त्यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता ते विचारलं. सगळ्यांना प्रश्न तोच, फक्त एक शब्द बदलायचा. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा? ‘आदळल्या’वाल्यांचा अंदाज सरासरी ताशी ४१ मैलांच्या आसपास आला, ‘लागल्या’वाल्यांचा ३२ च्या आसपास. इथपर्यंत कुणी म्हणेल, ठीक आहे, शब्दामुळे अंदाज हलला. पुढचा प्रयोग मात्र मला अजूनही अस्वस्थ करतो. अपघाताची फीत पाहून आठवडा लोटल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फितीत काच फुटलेली नव्हतीच. ज्यांना आधी साध्या ‘धडकल्या’ शब्दात प्रश्न विचारला होता त्या ५० जणांपैकी सात जण ‘हो’ म्हणाले. ज्यांना ‘आदळल्या’ म्हणून विचारलं होतं, त्या ५० पैकी १६ जणांना काच आठवली. नसलेली काच. एका शब्दाने ती फोडली होती.

आता तुमचं दार घेऊ. ते व्हिडिओत आपटताना दिसतं का? तुम्ही तसं कुठेच लिहिलेलं नाही. ‘तरातरा’ दिसतं म्हणालात, दाराबद्दल काही म्हणाला नाहीत. कदाचित ते आपटलंही असेल. पण दोन महिने ‘कशी गेली बघ ना, तरातरा’ असं कधी मनात, कधी नवऱ्यापाशी, कधी फोनवर घोळवल्यावर दार आपोआप आपटायला लागतं, एवढं मी सांगू शकते. प्रत्येक वेळी प्रसंग आठवताना आपण तो कपाटातून जसाच्या तसा काढत नाही. तो दरवेळी नव्याने जुळवतो, आणि जुळवताना आजचा राग हाताशी असतोच.

‘पण मी आठवणीवर बोलतच नाहीये, माझ्याकडे व्हिडिओ आहे,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर. मग व्हिडिओकडे वळू.

१९५१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये त्यांच्याकडच्या फुटबॉलचा सामना झाला. चांगलाच दांडगाईचा. प्रिन्स्टनच्या सर्वांत नावाजलेल्या खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. नंतर कितीतरी दिवस दोन्हीकडची विद्यार्थी-वृत्तपत्रं एकमेकांवर तुटून पडली. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल हे दोन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी या सामन्याची फीत मिळवली आणि दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना तीच दाखवली. काम सोपं होतं. बघत बघत प्रत्येक नियमभंगाची नोंद करायची. डार्टमथच्या संघाचे नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना सरासरी ४.३ दिसले, प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना ९.८. एकच फीत आणि दुपटीहून जास्त फरक. १९५४ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात एक किस्सा आहे, तो मला आकड्यांपेक्षाही आवडतो. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मंडळींना दाखवायच्या आधी ती फीत पाहून घेतली. एवढा गवगवा झालेली दांडगाई त्याला त्यात कुठेच दिसेना. त्याने तार ठोकली. महत्त्वाचा भाग बराच कापलेला दिसतो, खुलासा करा आणि गाळलेला तुकडा विमानटपालाने पाठवा, जोडायचं यंत्र आमच्याकडे आहे.

तुकडा कुणीच कापला नव्हता. तुमच्या ताईला तो व्हिडिओ पाठवलात तेव्हा तुम्ही त्या माजी विद्यार्थ्याला फीत पाठवलीत, एवढंच झालं.

असं होतं कसं? याचा एक भाग अगदी साधा आहे, डोळ्याच्या रचनेतला. हात समोर लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. एका क्षणी आपल्याला खरोखर बारीक, स्वच्छ दिसतं ते जवळजवळ तेवढ्याच भागात. विश्वास नसेल तर आत्ता या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळवा आणि ती न हलवता चार ओळी खालचा शब्द वाचून बघा. ओळी आहेत हे कळतं, शब्द लागत नाही. आपल्याला मात्र सगळा पडदा एकसारखा स्वच्छ दिसतोय असं वाटत राहतं, कारण डोळा सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो आणि जिथे उडी पडते तिथलं स्वच्छ असतं. न पाहिलेला भाग मेंदू सराईतपणे भरून काढतो.

आता सांगा, त्या चाळीस सेकंदांत तुमची नजर कुठे असते? ताईच्या चेहऱ्यावर. ती उठायच्या आधीपासूनच तिथे जाऊन बसलेली असते, कारण पुढे काय होणार हे तुम्हाला माहीत आहे. ताईची नजर कुठे जात असेल? तुमच्या हातावर. म्हणजे शब्दशः बघितलं तरी तुम्ही दोघी एक व्हिडिओ बघत नाही आहात. आणि पन्नास वेळा बघून तो जास्त ठसठशीत होतो, कारण दरवेळी तुम्ही त्याच नखाएवढ्या तुकड्यावर परत जाता. म्हणून म्हटलं, लावू नका.

दुसरा भाग चेहऱ्याचा. ‘सरळसरळ तिरस्कार होता’ असं तुम्ही लिहिलंत, यातला ‘सरळसरळ’ मला खटकला. तीव्र भावनेच्या क्षणी नुसत्या चेहऱ्यावरून आपल्याला किती कळतं? हिलेल अवीएझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये टेनिसपटूंचे फोटो वापरले, महत्त्वाचा गुण जिंकल्याच्या आणि हरल्याच्या क्षणाचे. फक्त चेहरा कापून दाखवला तर हा जिंकलाय की हरलाय हे लोकांना सांगता येईना. चेहरा झाकून नुसतं शरीर दाखवलं तर सांगता आलं. आणि आता खरी मजा. पूर्ण फोटो बघणारे बरोबर ओळखत आणि वर सांगत की हे आम्हाला चेहऱ्यावरूनच कळलं. म्हणजे अर्थ येत होता मुठीतून, खांद्यांतून, आणि चिकटत होता चेहऱ्यावर. रडू आवरणाऱ्या माणसाचा चेहरा आठवून बघा. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या ताणलेल्या, नजर दुसरीकडे. आता तोच चेहरा तिरस्काराचा म्हणून डोळ्यांसमोर आणा. फारसं काही बदलावं लागलं का?

यावर तुमचं उत्तर तयार आहे हे मला माहीत आहे. ‘इतरांचं सोडा, मला तिची नजर कळते. लहानपणापासून.’ धाकटी, मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच वाक्याबद्दल.

रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी १९८० साली एक प्रयोग छापला. काही जणींच्या चेहऱ्यावर रंगभूषेने एक ठळक व्रण काढला. त्यांना आरसा दाखवला. मग सांगितलं, तुम्ही एका अनोळखी व्यक्तीशी गप्पा मारायच्या आणि व्रणामुळे समोरच्याच्या वागण्यात काय फरक पडतो ते बघायचं. खोलीत जाण्याआधी ‘रंग तडकू नये म्हणून थोडं क्रीम लावते’ असं म्हणून प्रयोग करणाऱ्याने तो व्रण गुपचूप पुसून टाकला. त्या बायका कोऱ्या चेहऱ्याने आत गेल्या. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की समोरची व्यक्ती अवघडली होती, ती आपल्याला कमी लेखत होती. नजर टाळणं, टक लावून बघणं, कुठल्याही माणसाच्या बोलण्यात येणाऱ्या साध्या गोष्टी त्यांनी पुरावा म्हणून मांडल्या. समोरच्या माणसाला तर व्रण दिसलेलाच नव्हता.

त्या बायकांना कुणी खोटारड्या म्हटलं असतं तर त्या चिडल्या असत्या, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. नजर टाळली गेली, हे त्यांनी खरंच पाहिलं होतं. ‘व्रणामुळे’ हा शब्द तेवढा त्यांनी घरून आणला होता.

तुमचा व्रण काय आहे हे तुम्हीच एका ओळीत लिहिलंय. ताईने लहानपणी तुम्हाला कमी लेखलंही असेल. सहा वर्षांचं अंतर असलं की मोठी बहीण बहुतेक वेळा तेच करते, आणि मोठी झाल्यावर तिला त्यातलं काही आठवतही नाही. माझं म्हणणं असं की तो व्रण एके काळी खरा असला, तरी त्या खोलीत जाताना तो चेहऱ्यावर होता की नाही हे तुम्ही तपासलेलं नाही. आरशात एकदा दिसला, त्यानंतर तुम्ही तो गृहीतच धरलात.

त्यात तुमची झोप. वर्षभर रात्रीची जागरणं चालली आहेत हे तुम्ही औषधांच्या जोडीला एका शब्दात उरकलंत, जणू त्याचा या भांडणाशी संबंधच नाही. आहे. २००७ च्या एका अभ्यासात ३५ तास जागं ठेवलेल्या तरुण माणसांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग नीट झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त पेटला. तुम्ही ३५ तास नाही, तुकड्यातुकड्यांनी वर्षभर जागताय. अशा अवस्थेत समोरच्याचं नुसतं तटस्थ तोंडही तटस्थ दिसत नाही. एवढं सगळं अंगावर घेऊन तुम्ही ताईचा चेहरा वाचत होतात, आणि तुम्ही इतकं थकलेल्या आहात हे बहुधा तिला वाचता येत नव्हतं.

आता तुमचं बोट. ‘मी असं काहीही केलेलं नाही.’ इथे मी ताईची बाजू थोडी घेणार आहे. १९९० साली एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने लोकांना ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटाने वाजवायला सांगितली. समोर बसलेल्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी तीन ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण वाद्यवृंद चालू असतो, त्यामुळे त्याला आपली टकटकही गाणं वाटते. समोरच्याला ऐकू येते फक्त टकटक. तुम्ही बोलत होतात तेव्हा तुमच्या डोक्यात आईची काळजी, थकवा, ‘कुणीतरी समजून घ्या’ हे सगळं वाजत होतं. ताईच्या कानावर आली औषधांची नावं, जागरणांची मोजदाद आणि एक हलणारा हात. त्यात तिने काय ऐकलं असेल? बहुधा, ‘आणि तू कुठे होतीस?’

हे मलाही कळायला वेळ लागला. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने भलामोठा मेसेज पाठवला होता, अभ्यास बदलायचा म्हणून. मी घाईत होते. ‘ठीक आहे.’ एवढं लिहून पाठवलं. माझ्या डोक्यात ते मोकळं, हसरं ‘ठीक आहे’ होतं. आठवडाभर ती माझ्यासमोर आली नाही. नंतर म्हणाली, तुम्ही पूर्णविराम दिला होता. मी तिला मनात हसले होते. आज हसणार नाही.

इथवर वाचून तुम्हाला असं वाटत असेल की ही बाई मला गोडीगुलाबीने सांगतेय, सगळे तुझ्याच मनाचे खेळ आहेत. नाही, आणि हे जरा ठासून सांगते, कारण असल्या प्रयोगांचा दुरुपयोग मी फार पाहिलाय. ‘तुला तसं वाटलं’ हे वाक्य सत्ता असलेली माणसं कमी सत्तेच्या माणसांची तोंडं बंद करायला वापरतात. वर्षभर कोण जागलं, कोणी खर्च केला, कोण किती वेळा येऊन गेलं, या गोष्टी कुणाच्या नजरेवर अवलंबून नाहीत. त्या मोजता येतात. ताईने वर्षभरात आईसाठी काय केलं आणि काय नाही, हा तुमचा खरा हिशेब असेल, तर तो मांडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ताईने कसं पाहिलं याच्याआड तो झाकला गेलाय, ही माझी तक्रार आहे. तिची नजर सिद्ध करता येणार नाही. जागरणं करता येतील.

आणि शास्त्रातही सगळं आलबेल आहे असं नाही. १९४७ साली असा निष्कर्ष छापला गेला की गरीब घरच्या मुलांना नाणी जास्त मोठी दिसतात. तो पुढे वर्षानुवर्षं सांगितला गेला, पण पुन्हा करून पाहणाऱ्यांना दरवेळी तसंच सापडलं नाही. २०१६ मध्ये चाझ फायरस्टोन आणि ब्रायन शोल यांनी तर रोखठोक विचारलं, इच्छेने ‘दिसणं’ बदलतं याला भक्कम पुरावा आहे का? की बदलतं ते लक्ष, आठवण आणि निवाडा? मला त्यांची शंका पटते. तुमच्या बाबतीत मात्र फरक पडत नाही. लक्ष, आठवण आणि निवाडा ही तिन्ही हातात असताना घर मोडायला डोळे लागतच नाहीत.

मग करायचं काय? ‘तटस्थपणे बघ’ हा नवऱ्याचा सल्ला मनापासूनचा आहे, पण कुचकामी आहे. म्युलर-लायरचं १८८९ मधलं चित्र तुम्ही शाळेत पाहिलं असेल. दोन सारख्या रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले. दुसरी लांब दिसते. पट्टीने मोजा, सारख्याच भरतात. पट्टी बाजूला ठेवा, दुसरी पुन्हा लांब दिसते. माहीत असूनही. तसाच तो तिरस्कार तुम्हाला हे सगळं वाचल्यावरही दिसणार आहे. तो दिसायचा थांबेल मग बोलेन, असं ठरवलंत तर बोलणं कधीच होणार नाही. तो दिसत असतानाच पट्टी हातात घ्यावी लागेल.

पट्टीचं एक काम आज घरीच करा. एका कागदावर, व्हिडिओ न लावता, फक्त कॅमेऱ्याला कळेल तेवढंच लिहा. कॅमेऱ्याला तिरस्कार कळत नाही, ‘तरातरा’ही कळत नाही. ‘ताई खुर्चीवरून उठली. मान डावीकडे वळली. चार पावलं चालली. दार लागलं.’ एवढ्याच जातीची वाक्यं. जिथे विशेषण येईल तिथे हात थांबवा. मग त्याच कागदावर स्वतःबद्दल तसंच लिहा, हातासकट. माझा अंदाज आहे, दुसरा भाग लिहायला तुम्हाला जास्त जड जाईल.

दुसरं काम तटस्थपणापेक्षा वेगळं आहे, आणि त्याला आधार आहे. लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन या तिघांनी १९८४ मध्ये असं पाहिलं की, ठाम मतांच्या माणसांना ‘निष्पक्ष राहून पुरावा तपासा’ असं सांगून काडीचाही फरक पडत नाही. सगळ्यांना वाटतं आपण आहोतच निष्पक्ष. फरक पडला तो वेगळा प्रश्न विचारल्यावर. हाच पुरावा उलट्या बाजूचा निघाला असता, तर तुम्ही तो असाच मानला असता का? तुमच्यापुरता तो प्रश्न असा. त्या खोलीतून अगदी तशीच, तशाच मानेने, तुमची सगळ्यात जिवलग मैत्रीण उठून गेली असती, तर तुम्ही काय केलं असतं? मला वाटतं, तुम्ही बोलणं अर्धवट सोडून तिच्या मागे आत गेला असतात.

मग ताईला फोन करा. मेसेज नको, मघाचा पूर्णविराम आठवा. आणि दोघी मिळून व्हिडिओ बघायचा तर अजिबातच नाही, डार्टमथ आणि प्रिन्स्टनने तो सामना शेजारी बसून पाहिला असता तर आणखी दोन नाकं मोडली असती. ‘तू का गेलीस?’ असं विचारू नका, त्यात ‘का’ आधीच ठरलेला आहे. ‘मी बोलत होते तेव्हा तुला काय ऐकू येत होतं?’ असं विचारा. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत तिला परत सांगा, ती ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत. मध्ये ‘पण’ म्हणायचा मोह तीन-चारदा होईल. तो झाला की कागदावर रेघ मारा आणि ऐकत राहा. तुमची पाळी येईल तेव्हा नजरेबद्दल बोलू नका. जागरणांबद्दल बोला, तारखांसकट, आणि आठवड्यातल्या कोणत्या दोन रात्री ती घेऊ शकते ते विचारा. त्यावर ती काय करते, हे मात्र तुम्हा दोघींनाही सारखंच दिसेल.

ती नाही म्हणू शकते. तिला खरंच तुमच्याबद्दल तिरस्कार असू शकतो, तीही शक्यता मी पुसत नाही. तसं निघालं तर पुन्हा लिहा, ते पत्र वेगळं असेल आणि माझं उत्तरही वेगळं असेल. फोनवर काय झालं तेही कळवा. लिहून झाल्यावर पाकीट बंद करायच्या आधी ताईच्या नावापुढची क्रियापदं तेवढी एकदा पेन्सिलने गोल करून पाहा.